पंपापुरती वीज

घरात आग पेटलेली असताना गारठून बसायची वेळ ज्यांच्यावर आलेली नाही, त्यांना माझा त्वेष कळायचा नाही. आमच्या तळघरात लाकडाची भट्टी आहे. ती पाणी तापवते, पंप ते पाणी घरभर फिरवतो आणि खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर मांजरासारखे ऊबदार होतात. व्यवस्था उत्तम. फक्त पंप विजेवर चालतो. आणि सुपीरियर सरोवरावरून वादळ आलं, की आमच्या रस्त्यावरून सगळ्यात आधी कोण जात असेल तर वीज. मग खाली भट्टी लालबुंद आणि वर आम्ही निळे.

बरं, नवरा घरी असावा, तर तोही नाही. कर्ट काउंटीची बर्फ ढकलायची गाडी चालवतो. सगळं गाव दारं लावून आत बसतं तेव्हाच त्याला बाहेर पडावं लागतं. म्हणजे वादळात घरी कोण, तर मी आणि साइमा. साइमा नुकतीच रांगायला लागली होती, आणि जगातली प्रत्येक वस्तू खाण्याची आहे यावर तिचा ठाम विश्वास होता.

अशा वेळी मम्मू येत. मम्मू म्हणजे माझ्या सासूबाई. साइमा झाल्यापासून सगळं गाव त्यांना मम्मू, म्हणजे आमच्या फिनिश भाषेत आजीच, म्हणतं. त्यांच्या स्वयंपाकघरात जुनी लाकडाची शेगडी. तिला पंप नको, वीज नको, कोणाचे उपकार नकोत. त्या आम्हाला त्यांच्या घरी घेऊन जात. त्यांचं प्रेम खरं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते सूचनांच्या रूपाने येई. मोजे एकावर एक किती घालावेत, बाळाला ढेकर कोणत्या खांद्यावर काढावा, कॉफी किती उकळावी. गेल्या हिवाळ्यात तर मी शिंकले कशी, यावरही त्यांना काही सांगायचं होतं.

पानगळ संपता संपता कर्टने कॉफीचा कप खाली ठेवला. तो कप असा हळूच ठेवतो तेव्हा मला धडकी भरते.

"हेल्मी, मी गाडी चालवतोय आणि तुम्ही दोघी इथे कुडकुडताय, हे डोक्यात आलं की माझं रस्त्यावर लक्ष राहत नाही. या हिवाळ्यात एकदा जरी घर गार पडलं, तर बर्फ वितळेपर्यंत आपण आईकडे राहायचं. कबूल?"

"आणि नाही पडलं तर?"

"कसं नाही पडणार? वीज जाणारच."

"आग आपली आहे ना? मग वीजही आपलीच करू!" मी म्हणाले.

साइमा व्हायच्या आधी मी शाळेत विज्ञान शिकवत होते. उष्णतेपासून ऊर्जा हा धडा मी मुलांकडून पाठ करून घेतला होता. त्यामुळे वाक्य तोंडातून फार ऐटीत निघालं. धडा शिकवणं आणि तो तळघरात बसवणं यांत किती अंतर आहे, ते तेव्हा माहीत नव्हतं. पण खरं सांगू? कर्ट कामावर गेला आणि मी साइमाला कडेवर घेऊन भट्टीसमोर उभी राहिले, तेव्हा अंगावर काटा आला. एवढी उष्णता धुराड्यातून आभाळात चाललीय आणि मला हवीये ती फक्त एका पंपापुरती वीज. चिमूटभर!

आमच्याकडे बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही, शनिवारचा सौना पुरतो. दर शनिवारी अंगणातल्या लाकडी खोलीत चूल तापवायची, तिच्यावरच्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढायची, घाम गाळून स्वच्छ व्हायचं आणि बाहेरच्या कपड्यांच्या खोलीत बसून कॉफीबरोबर वेलदोड्याचा पाव खात दुसऱ्यांच्या संसाराची काळजी करायची. त्या शनिवारी माझ्या संसाराची पाळी होती.

"जनरेटर आण की," शेजारचे ऑनी म्हणाले. ऑनी आयुष्यभर ओंडक्यांचे ट्रक चालवून निवृत्त झालेले आहेत आणि सल्ला देण्याच्या कामातून निवृत्त होण्याचा त्यांचा विचार नाही.

"आहे. शेडमध्ये. वादळात शेड बर्फाखाली. शेड उकरायचं, पेट्रोल भरायचं, दोरी ओढायची, आणि हे सगळं एका हाताने. दुसऱ्या हातात ही."

"मग बॅटरी," कर्ट म्हणाला.

"ती संपली की?"

"मग वाफेचं इंजिन!" ऑनींचे डोळे चमकले. त्यांना जनरेटर सुचवायचाच नव्हता. इथपर्यंत यायला त्यांनी तो पायरी म्हणून वापरला होता. "माझ्याकडे दुधाचा जुना कॅन आहे. त्याला एक पिस्टन लावला, की तुझं घर तर सोड, अख्खा रस्ता उजळेल."

"रस्ता उजळेल, कारण तिचं घर जळत असेल," मम्मू म्हणाल्या आणि पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "मी म्हणते, माझ्याकडे खोली रिकामी आहे. पलंगावर चादरसुद्धा घालून ठेवलीय."

ती चादर मला बोचली. माझ्या पराभवासाठी आधीच अंथरूण घालून ठेवलं होतं!

साइमा झोपली, की मी यंत्रांच्या शोधाला बसे. वाफेचं इंजिन पहिल्या फटक्यात बाद झालं. जे फुटू शकतं ते बाळाच्या खोलीखाली ठेवणार नाही. मग मी गरम हवेवर चालणाऱ्या एका इंजिनाच्या प्रेमात पडले. काय ते रूप! पितळी चाक, आत-बाहेर डुलणारा दट्ट्या, आवाज शिवणयंत्रासारखा. दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी साइमाने रांगत जाऊन कर्टच्या सायकलच्या चाकात बोट घातलं. बोटाला काही झालं नाही, पण पितळी चाकाचं आणि माझं तिथेच तुटलं.

मग सापडली चकती. थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल असं तिचं भारदस्त नाव. आमच्या घरात ती चकतीच राहिली. आकाराने खरं तर चौकोनी, पांढरी, बिस्किटाएवढी, शेपटीसारख्या दोन तारा. एका बाजूने तापवा, दुसरी बाजू गार ठेवा, की तारांतून वीज. फिरत काही नाही, आवाज नाही, धूर नाही, गिळता येईल इतकी लहान नाही. जगभरच्या इंजिनिअरांनी कोणत्या कसोट्या लावल्या असतील त्या असोत. माझ्या चारही कसोट्यांना ती उतरली. फक्त एक दोष होता. तिला दिलेल्या उष्णतेतला जेमतेम विसावा भाग वीज म्हणून परत येतो.

"विसावा?" कर्ट म्हणाला. "आणि बाकीची उष्णता?"

"चकतीतून पलीकडे जाते."

"म्हणजे वाया."

"वाया कुठे? घरातच तर राहते! आपल्याला घरच तर गरम करायचंय!" मी उडीच मारली. हा मुद्दा मला बोलता बोलता सुचला होता, त्यामुळे मी स्वतःवरच खूश होते. कारखानदाराला रडू आणणारं यंत्र आमच्या तळघरात मात्र काहीच वाया घालवणार नव्हतं.

आता परवानगी. भट्टीला हात लावायचा तर काउंटीच्या तपासनिसाला विचारावं लागतं. मिस्टर ट्रेस्ट्रेल हे कॉर्निश, म्हणजे इंग्लंडच्या कॉर्नवॉलकडच्या, घराण्यातले, त्यामुळे त्यांना सौनापेक्षा मांसाच्या करंज्यांची, म्हणजे पेस्टींची, जाण अधिक. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ही चूल आहे, की वीजनिर्मिती केंद्र?"

"दोन्ही."

"दोन्ही नसतं. चुलीचं प्रकरण वेगळं, वीजकेंद्राचं वेगळं. वीजकेंद्र असेल तर भोवती कुंपण लागेल."

"तळघरात? कुंपण?"

"आणि धोक्याची पाटी."

"मिस्टर ट्रेस्ट्रेल, यातून फक्त एक पंप चालणार आहे."

"बाई, आज पंप. उद्या तुम्ही शेजाऱ्याला वीज विकाल."

ऑनींना वीज विकण्याची कल्पना माझ्या डोक्यात मिस्टर ट्रेस्ट्रेलनीच घातली, हे इथे नमूद करून ठेवते. अखेर ठरलं असं, की मी यंत्र आधी कुठेतरी चालवून दाखवायचं. मग ते काय आहे ते मिस्टर ट्रेस्ट्रेल ठरवणार.

कुठेतरी म्हणजे कुठे? हमखास तापणारी दुसरी चूल आमच्याकडे एकच. सौनाची.

मधल्या काळात चकत्यांचं पार्सल आलं. म्हणजे निघालं, पण आलं नाही. आमच्या रस्त्यावर आडनावांची टंचाई आहे, आणि टपालवाल्याने ते मम्मूंकडे टाकलं. मी घ्यायला गेले तर चर्चच्या बायका जमल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कपाखाली माझी एकेक चकती.

"छान आहेत गं," मम्मू म्हणाल्या. "टेबलावर डाग पडत नाहीत. या तारा खुंटीला अडकवायला का?"

"मम्मू, ते वीजकेंद्र आहे!"

बायकांनी कप उचलून खाली डोकावून पाहिलं. एकीने आपला कप पुन्हा तिथेच ठेवला, जास्त काळजीपूर्वक.

यंत्र मी असं जुळवलं: चुलीच्या वरच्या पत्र्यावर, दगडांच्या शेजारी, तांब्याची पट्टी, तिच्यावर चकत्या, चकत्यांवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, वरची बाजू गार ठेवायला. ठोकळ्याला वारा घालायला एक पंखा. पंखा चकत्यांच्याच विजेवर. आधी एकटीने चाचणी घेतली तेव्हा कळलं, की जेवढी वीज होते तिच्यातली निम्मी पंखाच गिळतो. आचाऱ्याला स्वयंपाकाला ठेवावं आणि त्याने अर्धं जेवण तव्यावरच संपवावं, तसं. पंखा काढला. मग उपाय एकच उरला: आग वाढवा. मी बर्चची वाळलेली लाकडं अशी भरली, की चूल घुमायला लागली.

शनिवारी कपड्यांच्या खोलीत आम्ही सगळे उभे. भिंतीतून तारा बाहेर आणून मी त्यांना एक दिवा जोडला होता. मिस्टर ट्रेस्ट्रेल कोट-टोपीत, ऑनी नुसत्या टॉवेलमध्ये, कर्ट साइमाला घेऊन, आणि माझं लक्ष दिव्यावर. दिवा लागला! पण लागला म्हणजे काय, आजारी माणसाने डोळा उघडावा तसा. पिवळट, दमलेला.

"हं," मिस्टर ट्रेस्ट्रेल म्हणाले. त्या एका अक्षराचा अपमान मी अजून विसरलेले नाही.

"थांबा, अजून तापू दे!" मी म्हणाले. आत जाऊन आणखी लाकडं घातली. दिवा तेजाळायच्या ऐवजी आणखीच मंदावला. काही कळेना. आग दुप्पट, उजेड निम्मा!

या सगळ्यात मम्मू कुठे होत्या, हे कोणीच पाहिलं नाही. मी लाकडं घालून बाहेर आल्यावर त्या मागच्या दाराने आत जाऊन वरच्या बाकावर बसल्या होत्या. शनिवार, तापलेली चूल आणि आंघोळ नाही, हे त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं आणि काउंटीच्या माणसासाठी ते त्या घडू देणार नव्हत्या. चूल कोरडी दिसली. त्यांनी बादलीतून ओगराळंभर पाणी घेतलं आणि नेहमीच्या सफाईने फेकलं. आमच्या लोकांचा तो हात विचार करून चालत नाही. तापलेलं काहीतरी दिसलं, की पाणी पडतंच.

फस्स्स!

आणि दिवा पेटला! पांढराशुभ्र, लखलखीत! कपड्यांच्या खोलीतली कोळ्यांची जाळीसुद्धा दिसू लागली. ऑनींनी आरोळी ठोकली, साइमाने टाळ्या पिटल्या, मिस्टर ट्रेस्ट्रेलनी टोपी काढली. आणि मग आतून आवाज आला, टिक्, टिक्, टिक्. आणि सगळं विझलं.

मम्मू टॉवेल गुंडाळून, वाफेच्या ढगातून, बाहेर आल्या. मिस्टर ट्रेस्ट्रेल झटकन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"ते दगड नव्हते होय गं?" मम्मू म्हणाल्या.

चकत्या तडकल्या होत्या. सगळ्या. कर्टने माझ्याकडे भीत भीत पाहिलं. मम्मूंचा चेहरा इतका पडला होता, की त्यांनी मुद्दाम केलं असेल का ही माझी शंका तिथेच मेली. "कपांखाली ठेवायला मी दुसऱ्या आणून देईन," असंही काहीतरी त्या पुटपुटल्या. सगळे आता मी रडेन म्हणून थांबले होते.

मी मम्मूंना मिठी मारली. "मम्मू, तुम्ही ते गार केलंत!"

"डोक्यावर परिणाम झाला," ऑनी म्हणाले. "उकाड्याने होतं."

"अहो, नाही! मी वेड्यासारखी आग वाढवत होते. तो पात्यांचा ठोकळाही तापून तापून चुलीसारखाच झाला, मग फरक राहिलाच कुठे? वीज आगीतून येत नाही, गरम आणि गार यांच्यातल्या अंतरातून येते. मला आग कमी पडत नव्हती, गारवा कमी पडत होता!"

बाहेर कमरेइतका बर्फ होता. मिशिगनच्या या टोकावर राहून गारवा कमी पडला म्हणणारी मी बहुधा पहिलीच बाई.

मिस्टर ट्रेस्ट्रेलनी, तोंड भिंतीकडेच ठेवून, विचारलं, "बाई, आत्ता या क्षणी त्यातून वीज निघते आहे का?"

"नाही. मोडलंय."

"मग वीजकेंद्र नव्हे. चुलीवरची शोभेची वस्तू म्हणून मी नोंद करतो. शोभेच्या वस्तूला हरकत नाही."

एका विज्ञानशिक्षिकेच्या शोधाला सरकारदरबारी अशी मान्यता मिळाली. मी अपमान गिळला आणि परवानगी घेतली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले सांगता येत नाही. मी जमिनीवर नव्हतेच. पंखा गेला, पाती गेली. घरभर फिरून, उष्णता देऊन, भट्टीकडे परतणारं पाणी घरातलं सगळ्यात गार पाणी असतं. तेच चकत्यांच्या पाठीवरून न्यायचं! चकत्यांतून आलेली ऊब ते पाणीच पुन्हा घरात घेऊन जाणार. आणि मग एका दुपारी, साइमाला भरवता भरवता, दुसरी गोष्ट सुचली. इतके दिवस मी पंपाची भूक भागवायला धडपडत होते. तो पंप मुळात एवढा खादाड का? तो म्हणजे जुनं बिडाचं धूड, दोन मजली इमारतीच्या मापाचं. आमच्या घराला छपरावरच्या सोलर हीटरला लावतात तसला मुठीएवढा पंप पुरणार होता, आणि तो खातो जुन्याच्या पाव हिश्शाहून कमी. मी चमचा हवेतच धरून ओरडले, "भूकच कमी करायची!" साइमाने तेवढ्यात भोपळ्याची वाटी डोक्यावर ओतून घेतली.

नव्या चकत्या या वेळी टपालवाल्याने थेट माझ्या हातात दिल्या, कारण मी पत्रपेटीपाशी उभीच होते. कर्टने नळ जोडले, ऑनींनी कोणी न विचारता पाना धरला. बोल्ट सगळीकडे सारखे आवळले नाहीत तर चकती नीट चिकटत नाही, म्हणून मी एकेक बोल्ट थोडा थोडा फिरवत होते आणि ऑनी "जोर लाव पोरी, ट्रकचं चाक समज" म्हणत होते. मी ट्रकचं चाक समजले नाही, म्हणून चकत्या वाचल्या. भट्टी पेटवली. थोडा वेळ काहीच नाही. मग तो चिमुकला पंप गुणगुणायला लागला. आग वाढली की तो जोरात, आग उतरली की सावकाश. कोणी सांगायला नको. मी तळघराच्या पायरीवर बसून त्याचा आवाज ऐकत राहिले, साइमाचा झोपेतला श्वास ऐकते तशी.

पण खरी परीक्षा वादळाची.

ते आलं सकाळी. कर्ट पहाटेच गाडी घेऊन गेला होता. दुपारी खिडकीबाहेर अंगणही दिसेनासं झालं आणि फ्रिजचा आवाज थांबला. दिवे गेले. मी श्वास रोखून तळघराच्या दारात उभी राहिले. खालून गुणगुण चालूच होती. वीज गेल्याचं पंपाला कळलंच नव्हतं!

तेवढ्यात दारावर थाप. ऑनींच्या बर्फावरच्या स्कूटरवर, त्यांच्या मागे, मम्मू. स्कूटरला मागे रिकामी घसरगाडी बांधलेली, तिच्यात घोंगड्या.

"चल, साइमाचं सामान भर," मम्मू म्हणाल्या.

"घर गरम आहे, मम्मू."

"आत्ता आहे. रेडिएटर उरलेल्या उबेवर तग धरतात थोडा वेळ. मी थांबते."

आणि त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. कोट घालून, टोपी घालून, हातमोजे घालून. ऑनींनी मात्र बूट काढले आणि मोज्यांतच जाऊन पेस्टी शोधून काढली. मी खाली जाऊन लाकडं घातली, वर आले. मम्मूंनी हातमोजे काढले होते. साइमा रांगत त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिच्या पायाची बोटं चाचपली. टोपी निघाली. उठून त्यांनी रेडिएटरवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. कोटाचं वरचं बटण सुटलं. कपाळावर घाम होता, पण तो पुसणं म्हणजे कबुली, म्हणून त्या तो तसाच वाहू देत होत्या. मी गॅसवर कॉफी ठेवली आणि हसू दाबलं.

फोन वाजला. कर्ट.

"हेल्मी, तिकडचे तारांचे खांबच पडलेत. उद्यापर्यंत वीज नाही. आई पोचली का? निघालात का तुम्ही?"

मी काहीही म्हटलं असतं तरी त्याला ती माझी जिद्द वाटली असती. मी फोन मम्मूंपुढे धरला. त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ऑनींचं चावणंही थांबलं.

"कर्ट," शेवटी त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात फार उकडतंय. बायकोला सांग जरा."

पलीकडून कर्ट काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, कारण मी साइमाला उचलून स्वयंपाकघरभर गरागरा फिरत होते. मम्मूंनी फोन ठेवला, कोट काढला आणि खुंटीवर अडकवला.

"अंधार पडतोय, मम्मू," ऑनी बूट चढवत म्हणाले. "तुम्हाला घरी सोडू?"

मम्मू खिडकीशी गेल्या. बाहेर वाऱ्याने बर्फाच्या भिंती उभ्या केल्या होत्या. त्यांच्या घरातली शेगडी आता विझली असेल, आणि ती पुन्हा पेटवून, जागून, एकटीनेच तिच्याजवळ बसायचं होतं.

"तू जा," त्या म्हणाल्या. "इथे पंपाकडे लक्ष ठेवायला कोणीतरी हवं ना."

ऑनी गेले. मग गेल्या हिवाळ्यात दर वादळाला मम्मूंच्या दारात उभी राहून, बाळाचं सामान कवटाळून, जो प्रश्न मी त्यांना विचारत होते, तो त्यांनी मला विचारला.

"हेल्मी, मी झोपू कुठे?"